तापवल्यावर बीटा-टीसीपी आले कुठून? कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट चूर्णांची स्फटिकरचना

अनुपमा_व

नमस्कार. इथे सिरॅमिक, स्फटिकविज्ञान आणि दंतवैद्यक या तिन्ही क्षेत्रांतली जाणकार मंडळी लिहितात, म्हणून हा प्रश्न इथे मांडते आहे. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत हाडांतील पोकळी भरण्यासाठी लागणारे हायड्रॉक्सिॲपेटाइटचे, म्हणजे हाडांतल्या खनिजासारख्या कॅल्शियम फॉस्फेटचे, चूर्ण तयार करते. पद्धत नेहमीचीच आहे. कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेटचे द्रावण थेंबथेंब सोडायचे, अमोनियाने पीएच १० च्या वर राखायचा, साका (द्रावणातून खाली बसणारा न विरघळणारा पदार्थ) रात्रभर तसाच मुरू द्यायचा आणि मग तो गाळून, पुन्हा पुन्हा धुऊन ८० अंश सेल्सिअसला वाळवायचा. कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे अणुगुणोत्तर १.६७ येईल अशा हिशेबाने वजने घेतली होती.

वाळलेल्या चूर्णाचा क्ष-किरण विवर्तन आलेख (स्फटिक क्ष-किरणांना कोणत्या कोनांत वळवतो ते शिखरांनी दाखवणारा) हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या ९-४३२ क्रमांकाच्या संदर्भपत्रकाशी जुळला. शिखरे रुंद होती, पण परके शिखर एकही नव्हते. तेच चूर्ण १००० अंश सेल्सिअसला तापवल्यावर मात्र २-थीटाच्या, म्हणजे किरण वळण्याच्या, २७.८ आणि ३१.० या कोनांवर टोकदार शिखरे उभी राहिली. ती बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची, म्हणजे बीटा-टीसीपीची आहेत. रिटवेल्ड विश्लेषणात (संपूर्ण आलेखावरून घटकांचे प्रमाण काढण्याच्या पद्धतीत) त्याचे प्रमाण वजनाने सुमारे ३५ टक्के निघाले.

आमच्याकडे यावर दोन मते आहेत. उष्णतेने हायड्रॉक्सिॲपेटाइटचे विघटन झाले, तेव्हा तापमान कमी करावे, असे एक मत आहे. चूर्ण मुळातच वेगळ्या घडणीचे होते आणि पहिल्या आलेखात ते दिसले नाही, असे दुसरे. मला दुसरे मत अधिक पटते. पण जे आलेखात दिसले नाही ते होते असे म्हणायला आधार कोणता, हे मुळापासून समजून घ्यायचे आहे.

कणाद

तुम्हाला पटलेले मतच बरोबर आहे, आणि त्याचा आधार तुमच्या दुसऱ्या आलेखातच आहे. आधी कॅल्शियमचा जमाखर्च मांडू. शुद्ध हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या सूत्रात दहा कॅल्शियम, सहा फॉस्फेट आणि दोन हायड्रॉक्सिल असतात. टीसीपीच्या सूत्रात दोन फॉस्फेटमागे तीनच कॅल्शियम असतात, म्हणजे गुणोत्तर १.५. आता १.६७ गुणोत्तराचा पदार्थ फुटून त्यातून १.५ गुणोत्तराचा पदार्थ बाहेर पडला, तर उरलेले कॅल्शियम कुठे तरी दिसलेच पाहिजे. हायड्रॉक्सिॲपेटाइटचे औष्णिक विघटन होते तेव्हा ते टेट्राकॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात दिसते: एका सूत्रामागे दोन टीसीपी, एक टेट्राकॅल्शियम फॉस्फेट आणि एक पाण्याचा रेणू. शिवाय साधारण हवेत हे घडायला १३०० अंश सेल्सिअसच्या आसपासचे किंवा त्याहून अधिक तापमान लागते, आणि त्या तापमानाला तयार होणारे टीसीपी अल्फा रूपातले, म्हणजे त्याच सूत्राच्या पण वेगळ्या स्फटिकरचनेचे, असते. तुमच्या आलेखात टेट्राकॅल्शियम फॉस्फेट नाही, ३७.४ अंशांवर कॅल्शियम ऑक्साइडचे शिखर नाही, आणि टीसीपी बीटा रूपातले आहे. याचा अर्थ जास्तीचे कॅल्शियम तिथे कधीच नव्हते.

आता पहिल्या आलेखात ही उणीव का दिसली नाही, ते पाहू. त्यासाठी एकक कोशिकेच्या, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानात लहान ठोकळ्याच्या, आत डोकवावे लागेल.

हायड्रॉक्सिॲपेटाइटची एकक कोशिका षट्कोणी असते. तिची 'ए' बाजू सुमारे ९.४२ अँगस्ट्रॉम, 'सी' बाजू सुमारे ६.८८ अँगस्ट्रॉम आणि तिच्यात एकूण ४४ अणू असतात. फॉस्फेटचे चतुष्फलक हा या रचनेचा सांगाडा. त्यात कॅल्शियमच्या दोन प्रकारच्या जागा आहेत. दहांपैकी चार अणू 'सी' अक्षाला समांतर अशा स्तंभांत रांगेने बसतात आणि प्रत्येकाभोवती नऊ ऑक्सिजन असतात. उरलेले सहा अणू तीन-तीनच्या त्रिकोणांत, एकाआड एक पातळीवर साठ अंशांनी फिरलेले, असे रचलेले असतात. या त्रिकोणांच्या मधोमध 'सी' अक्षाच्या दिशेने एक सलग बोगदा तयार होतो आणि हायड्रॉक्सिल आयन त्या बोगद्यात एका ओळीत उभे असतात. त्यांचा ऑक्सिजन कॅल्शियम-त्रिकोणाच्या प्रतलात बसत नाही, किंचित वर किंवा किंचित खाली सरकतो. के, यंग आणि पोस्नर यांनी १९६४ साली न्यूट्रॉन विवर्तनाच्या आधारे ही मांडणी स्पष्ट केली. हायड्रोजनची जागा क्ष-किरणांना नीट दिसत नाही, त्यामुळे न्यूट्रॉन वापरणे अगत्याचे होते.

या रचनेचा एक विलक्षण गुण असा की ती उणीव सहज सोसते. साका पडताना कॅल्शियम कमी पडले, तर एक कॅल्शियम गैरहजर राहतो, त्याच्या दोन धन भारांची भरपाई म्हणून एका फॉस्फेटवर हायड्रोजन बसून तो हायड्रोजन फॉस्फेट होतो, आणि बोगद्यातला एक हायड्रॉक्सिल निघून जातो. गुणोत्तर १.६७ पासून १.५ पर्यंत कुठेही असले तरी सांगाडा ॲपेटाइटचाच राहतो. एसटीतली काही आसने रिकामी राहिली म्हणून गाडीचा आराखडा बदलत नाही, तसेच हे आहे. विवर्तनातल्या शिखरांच्या जागा आराखड्यावरून ठरतात. रिकाम्या जागांमुळे कोशिकेची मापे आणि शिखरांच्या तीव्रता बदलतात, पण तो बदल इतका सूक्ष्म असतो की ८० अंशांना वाळवलेल्या चूर्णाच्या रुंद शिखरांत तो पार बुडून जातो.

साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे मात्र या उणिवेच्या ॲपेटाइटला तग धरता येत नाही. त्याचे पूर्ण घडणीचे हायड्रॉक्सिॲपेटाइट आणि बीटा-टीसीपी असे दोन भाग होतात. गुणोत्तर नेमके १.५ असेल तर सगळेच बीटा-टीसीपी होते.

मिलिंद_क्ष

कणाद यांच्या लिखाणाला आकड्यांची जोड देतो, कारण या विषयात गुणोत्तराचा दुसरा दशांश किती महाग पडतो याची कल्पना सहसा येत नाही.

गुणोत्तर १.६५ असेल, म्हणजे अपेक्षेपेक्षा अवघे एक टक्का कमी, तर तापवल्यानंतर वजनाने सुमारे ९ टक्के बीटा-टीसीपी मिळते. गुणोत्तर १.६० असेल तर ३८ टक्के. अनुपमा यांच्या ३५ टक्क्यांवरून उलटा हिशेब केला की गुणोत्तर १.६०५ निघते. म्हणजे कॅल्शियम जेमतेम पावणेचार टक्क्यांनी कमी पडले आहे. शस्त्रक्रियेत वापरायच्या हायड्रॉक्सिॲपेटाइटसाठी असलेले एएसटीएम या मानकसंस्थेचे एफ ११८५ हे मानक किमान ९५ टक्के हायड्रॉक्सिॲपेटाइट मागते. या हिशेबाने एका टक्क्याची तूटदेखील त्या मर्यादेबाहेर नेते.

म्हणूनच नुसते वाळवलेले चूर्ण पत्रकाशी जुळले एवढ्यावर शोधनिबंधात 'शुद्ध हायड्रॉक्सिॲपेटाइट' असे लिहिले जाते, ते मला अजिबात मान्य नाही. आयएसओच्या १३७७९ या मानकमालिकेच्या तिसऱ्या भागातही चूर्ण आधी १००० अंश सेल्सिअसला तापवून मगच प्रावस्था (वेगवेगळ्या स्फटिकरचनेचे घटक) मोजायची रीत आहे, आणि ती अगदी योग्य आहे. तापवण्याने अदृश्य तूट दृश्य होते. रासायनिक विश्लेषणातून गुणोत्तराच्या दुसऱ्या दशांशाची खात्री देणे अवघड असते. तापवलेल्या चूर्णाचा आलेख मात्र तीच तूट जवळजवळ दसपटीने मोठी करून दाखवतो.

वसुधा_रसायन

तूट कुठून आली, याबद्दल माझा पहिला संशय कॅल्शियम नायट्रेटच्या बाटलीवर आहे. हे मीठ चार स्फटिकजलांसह मिळते आणि हवेतली वाफ अधाशासारखी ओढून घेते. पावसाळ्यात बाटली दोन-चार वेळा उघडली की वरचे खडे चकाकू लागतात, मग एकमेकांना चिकटतात, आणि चमचा घातला की ओलसर गोळा निघतो. तराजू त्या जास्तीच्या पाण्याचेही वजन कॅल्शियम नायट्रेट म्हणूनच दाखवतो. शंभर ग्रॅममध्ये चार ग्रॅम आगंतुक पाणी असेल तर १.६७ चे गुणोत्तर तिथल्या तिथे १.६० होते. वर मिलिंद यांनी दिलेला आकडा याच्याशी किती जवळून जुळतो ते पाहा.

यावर उपाय असा की वजनावर विसंबायचे नाही. नायट्रेटचे सांद्र द्रावण करून ठेवावे, ईडीटीएच्या टायट्रेशनने (कॅल्शियमला बांधून घेणारे हे द्रव्य किती लागते ते पाहून) त्यातले कॅल्शियम मोजावे आणि पुढे वजनाऐवजी आकारमान मोजून वापरावे.

दुसरे कारण पीएचचे. साका पडत असताना पीएच आपोआप उतरतो आणि अमोनिया उडूनही जातो. पीएच ९ च्या खाली रेंगाळला तर हायड्रोजन फॉस्फेट रचनेत शिरायला वाट मिळते. त्यामुळे केवळ सुरुवातीची नोंद पुरेशी नाही, शेवटच्या थेंबापर्यंत आणि मुरतानाही पीएच पाहावा लागतो.

कणाद

वसुधाताईंशी पूर्ण सहमत. ज्यांना नायट्रेट आणि अमोनिया दोन्ही टाळायचे असतील त्यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि फॉस्फोरिक आम्लाचा मार्ग घ्यावा. त्यात उपउत्पादन म्हणून फक्त पाणी उरते, धुण्याचा खटाटोप वाचतो. मात्र कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात फार कमी विरघळते, दुधासारखे निलंबन घेऊन काम करावे लागते आणि न विरघळलेल्या कणांच्या गाभ्यात कॅल्शियम अडकून राहण्याचा धोका असतो. तिथे चूक उलट्या दिशेची होते: तापवल्यावर बीटा-टीसीपीऐवजी कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे मोकळा चुना, निघते.

ते थोडे असेल तर विवर्तनात सहज निसटते. तापवलेले चूर्ण पाण्यात ढवळून त्यात फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकावा. पाणी गुलाबी झाले तर मोकळा चुना आहे. ही साधी परीक्षा काही वेळा लाखो रुपयांच्या यंत्रापेक्षा अधिक संवेदनशील ठरते.

दंतवैद्य_नाशिक

चर्चा मन लावून वाचतो आहे. माझा प्रश्न व्यवहारातला आहे. दात काढल्यावर जबड्याच्या हाडात भरायला आम्ही जे दाणे वापरतो, त्यांच्या वेष्टनावर बऱ्याचदा ६० टक्के हायड्रॉक्सिॲपेटाइट आणि ४० टक्के बीटा-टीसीपी असे स्पष्ट लिहिलेले असते. मग इथे ज्याला भेसळ मानले जात आहे तेच तिथे हेतुपुरस्सर घातलेले आहे का?

मिलिंद_क्ष

डॉक्टरसाहेब, प्रश्न अगदी मर्माचा आहे. बीटा-टीसीपी स्वतः वाईट नाही. न सांगता, न मोजता आलेले बीटा-टीसीपी वाईट.

दोघांच्या विद्राव्यतेत मोठा फरक आहे. स्फटिकी हायड्रॉक्सिॲपेटाइट शरीरात वर्षानुवर्षे जवळजवळ तसेच राहते. बीटा-टीसीपी हळूहळू विरघळते, पेशीही ते झिजवतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवे हाड वाढते. मिश्रणात एक घटक आधार देतो आणि दुसरा जागा सोडत जातो, म्हणून तुमच्या दाण्यांत दोन्ही असतात. बनवण्याची चांगली रीत म्हणजे मुद्दाम १.६० च्या जवळचे उणिवेचे ॲपेटाइट करून ते तापवायचे. दोन प्रावस्था एकाच कणातून जन्मल्यामुळे त्या एकमेकींत अतिशय बारकाईने मिसळलेल्या असतात. दोन वेगवेगळी चूर्णे खलात घोटून तेवढा एकजीवपणा येत नाही. म्हणजे अनुपमा यांच्या हातून जे घडले ते जवळपास तेच आहे. फरक इतकाच की मिश्रण बनवणारा ते ठरवून बनवतो आणि प्रत्येक खेपेत तेच प्रमाण राखतो.

वसुधा_रसायन

डॉक्टरसाहेबांच्या प्रश्नावरून अल्फा-टीसीपीचाही उल्लेख करायला हवा, कारण रचनेचा परिणाम तिथे सर्वांत ठळक दिसतो. अल्फा आणि बीटा यांचे रासायनिक सूत्र एकच. बीटाची रचना समांतरषट्फलकीय आहे आणि तिची कोशिका षट्कोणी अक्षांवर मांडली तर 'सी' बाजू तब्बल ३७.४ अँगस्ट्रॉम भरते. अल्फाची रचना एकनत आहे. सुमारे ११२५ अंश सेल्सिअसच्या वर बीटाचे अल्फात रूपांतर होते आणि झटकन थंड केल्यास अल्फा रूप खोलीच्या तापमानालाही टिकून राहते. बीटाची घनता घन सेंटिमीटरला ३.०७ ग्रॅम, अल्फाची २.८६. ही सैल बांधणी पाण्याला फार लवकर दाद देते. अल्फा-टीसीपीची पूड पाण्यात कालवली की ती विरघळून उणिवेच्या ॲपेटाइटच्या सुया वाढू लागतात, त्या एकमेकींत गुंततात आणि लगदा घट्ट होतो. हाडांच्या एका प्रकारच्या सिमेंटचे हेच तत्त्व आहे. त्याच सूत्राचे बीटा-टीसीपी पाण्यात कालवले तर ते असे आपणहून घट्ट होत नाही.

ऋग्वेदी_नागपूर

आमच्याकडे अंड्यांच्या टरफलांपासून ॲपेटाइट करण्याचे काम चालते. टरफल बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट असते. ते भाजून चुना करायचा आणि फॉस्फेटशी संयोग घडवायचा. गुणोत्तर काळजीपूर्वक राखूनही तापवल्यावर थोडे बीटा-टीसीपी येतेच, आणि त्याची शिखरे पत्रकातल्या जागेपेक्षा किंचित मोठ्या कोनाकडे सरकलेली असतात. नमुन्याची उंची चुकल्यामुळे असे होते का?

कणाद

उंचीमुळेही सरकतात, पण तसे असेल तर हायड्रॉक्सिॲपेटाइटची शिखरेही त्याच दिशेने सरकायला हवीत. फक्त बीटा-टीसीपीचीच सरकत असतील तर मॅग्नेशियम पाहा. टरफलात ते थोडे असतेच. मॅग्नेशियमचा आयन कॅल्शियमपेक्षा बराच लहान असतो. ॲपेटाइटच्या सांगाड्यात तो फारसा रमत नाही. बीटा-टीसीपीच्या रचनेत मात्र कॅल्शियमच्या पाच जागांपैकी पाचवी जागा अष्टफलकीय आणि तंग आहे, ती त्याला नेमकी मानवते. तो तिथे बसला की कोशिका आक्रसते, शिखरे मोठ्या कोनाकडे जातात आणि बीटा रूप अधिक स्थिर होऊन अल्फात जाण्याचे तापमानही वाढते. म्हणजे मॅग्नेशियम असताना बीटा-टीसीपीला जणू आमंत्रणच मिळते. तेव्हा गुणोत्तर काढताना कॅल्शियममध्ये मॅग्नेशियम मिळवूनच फॉस्फरसने भागावे.

इतर पाहुण्यांचेही असेच. स्ट्राँशियम कॅल्शियमपेक्षा मोठा, त्यामुळे कोशिका फुगते. फ्लोराइड बोगद्यात हायड्रॉक्सिलच्या जागी बसतो आणि 'ए' बाजू ९.४२ वरून ९.३७ पर्यंत घटते, 'सी' जवळपास तशीच राहते. कार्बोनेट दोन ठिकाणी जाऊ शकतो. तो हायड्रॉक्सिलची जागा घेतो तेव्हा 'ए' वाढते आणि 'सी' घटते. फॉस्फेटची जागा घेतली की नेमके उलटे होते. उघड्या भांड्यात, अल्कधर्मी द्रावणात काम करताना हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि बहुतेक वेळा तो फॉस्फेटच्या जागी बसतो. आपल्या हाडांतल्या खनिजातही प्रामुख्याने हाच प्रकार असतो.

अनुपमा_व

सर्वांचे मनापासून आभार. अजून एक शंका. वाळवलेल्या चूर्णाची शिखरे रुंद आहेत म्हणजे ते अर्धवट अस्फटिकी आहे, असे म्हणावे का?

मिलिंद_क्ष

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. स्फटिक लहान असला की शिखर रुंद होते, आणि पदार्थ अस्फटिकी असला की शिखरे नसतातच, ३० अंशांच्या आसपास एक पसरट उंचवटा दिसतो. साका पडल्याबरोबर प्रथम असे अस्फटिकी कॅल्शियम फॉस्फेटच तयार होते आणि मुरताना त्याचे ॲपेटाइट होते. मुरवणे अर्धवट राहिले तर थोडा उंचवटा उरतो. रिटवेल्डमधले टक्के स्फटिकी प्रावस्थांची बेरीज शंभर धरून काढलेले असतात, त्यामुळे अस्फटिकी भाग त्यात येतच नाही. तो मोजायचा असेल तर कोरंडमसारखा ज्ञात स्फटिकी पदार्थ तोलून मिसळावा आणि मग हिशेब करावा.

स्फटिकांच्या आकारासाठी शिखराच्या रुंदीवरून माप काढणारे शेररचे सूत्र चालेल, पण एकाच शिखरावरून 'स्फटिकाचा आकार' लिहू नका. ॲपेटाइटचे स्फटिक 'सी' अक्षाच्या दिशेने लांबट असतात. २५.९ अंशांवरचे ००२ शिखर (असे तीन आकडे स्फटिकातल्या प्रतलांची दिशा सांगतात) ती लांबी सांगते. आडव्या दिशेसाठी ३९.८ अंशांवरचे ३१० हे सुटे शिखर घ्या, कारण ३२ अंशांजवळची २११, ११२ आणि ३०० ही शिखरे अशा चूर्णांत एकमेकांत मिसळून जातात. यंत्राची स्वतःची रुंदी वजा करून ००२ ची रुंदी ०.३५ अंश आणि ३१० ची ०.९ अंश उरली असे धरले, तर तांब्याच्या किरणांसाठी लांबी सुमारे २३ नॅनोमीटर आणि आडवे माप सुमारे ९ नॅनोमीटर येते. दोन्ही दिशांची मापे दिली की वाचणाऱ्याला स्फटिकाचा आकार डोळ्यांपुढे आणता येतो.

वसुधा_रसायन

तापवण्याआधीच तुटीचा सुगावा हवा असेल तर अवरक्त वर्णपट घ्या. हायड्रोजन फॉस्फेटचा पट्टा ८७५ तरंगांकाजवळ (सेंटिमीटरमागे तरंगांच्या संख्येजवळ) येतो. अडचण अशी की कार्बोनेटचाही पट्टा तिथेच, ८७२ ते ८७५ च्या दरम्यान येतो, म्हणून १४१५ आणि १४५५ च्या आसपास कार्बोनेटची जोडी आहे का ते पाहून निर्णय घ्यावा. जोडी नसेल आणि ८७५ असेल तर हायड्रोजन फॉस्फेट नक्की. चूर्ण मध्यम तापमानाला तापवले की दोन हायड्रोजन फॉस्फेट मिळून पायरोफॉस्फेट होते आणि ७१५ जवळ बारीक पट्टा उगवतो. आणखी तापवल्यावर तो नाहीसा होतो, कारण तेव्हाच बीटा-टीसीपी तयार होत असते. हा क्रम एका नमुन्यावर पायरीपायरीने पाहिला तर तुमच्याकडच्या दोन मतांचा निवाडा लगेच होईल.

अनुपमा_व

कळवायला थोडा उशीर झाला. कॅल्शियम नायट्रेटच्या त्याच बाटलीतले मीठ ईडीटीएने तपासले. त्यात अपेक्षेच्या ९६.४ टक्केच कॅल्शियम निघाले. या आकड्याने गुणोत्तर १.६०७ येते आणि तापवल्यावर सुमारे ३४ टक्के बीटा-टीसीपी अपेक्षित ठरते. जुन्या चूर्णाच्या अवरक्त वर्णपटात ८७५ चा पट्टा आहे, कार्बोनेटची जोडी अगदी पुसट आहे, आणि ५०० अंश सेल्सिअसला तापवलेल्या भागात ७१५ चा पट्टा स्पष्ट दिसतो.

त्यानंतर टायट्रेशन केलेल्या द्रावणातून नवे चूर्ण केले आणि पीएच शेवटपर्यंत १०.५ च्या आसपास राखला. १००० अंशांना तापवल्यावर ३१.० अंशांवर काहीही नाही. फिनॉल्फ्थॅलिन टाकल्यावर मात्र पाण्याला अगदी फिकट गुलाबी छटा आली, जी आलेखात कुठेच दिसत नाही.

कणाद

फार चांगले काम झाले आहे. फिकट छटेचे कारण बहुधा कार्बोनेट असावे. फॉस्फेटच्या जागी तो बसला की फॉस्फेट तेवढे कमी होते, तापवताना कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम किंचित वरचढ ठरून चुना म्हणून उरते. पुढच्या वेळी द्रावणासाठी पाणी उकळून गार केलेले घ्या आणि साका पडताना व मुरताना भांड्यावर नायट्रोजनचा मंद प्रवाह ठेवा. तापवलेले चूर्ण मात्र मफल भट्टीतून काढल्याबरोबर डेसिकेटरमध्ये ठेवून त्याच दिवशी तपासा. मोकळा चुना हवेत राहिला तर त्याचे आधी हायड्रॉक्साइड आणि मग कार्बोनेट होते, आणि काही दिवसांनी तीच परीक्षा घेतली तर पाणी रंगहीन राहू शकते.